सांध्यातली लाख

अजूनही तो आवाज आठवला की माझ्या तळहातांना घाम फुटतो. ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडलेली असायची, आणि तरीही इंजिनाचा आवाज खाली न येता चढत जायचा, पत्र्यावरून कुणी लोखंडी कंगवा ओढत न्यावा तसा. आईच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला तो रोग त्या वर्षी जडला. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे त्याला नाव होतं. ते म्हणत, "गाडी हवा घेतीय."

इंजिनाची दोन कवचं जिथं एकमेकांना मिळतात, त्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते. पेट्रोलाला हवा जास्त होते आणि इंजिन तापत, धापा टाकत, कुणी न सांगता पळू लागतं. सील नवे होते, कार्बोरेटर साफ होता. सांध्यावर ऑइलचे दोन थेंब सोडले की आवाज क्षणभर उतरायचा आणि पुन्हा चढायचा. रोगाची जागा ठरली होती. औषध ठरत नव्हतं.

येडशीच्या आसपासची गावं आईनं याच गाडीवर पालथी घातली होती. उपकेंद्रातली नर्स, पायांशी लसींचा थंड डबा, मागं कधी दाई, कधी नुसतं वजनकाट्याचं गाठोडं. निवृत्तीनंतरही बाजार, बँक, रामलिंगचं दर्शन सगळं गाडीवरच. रामलिंगच्या उतारावर तिनं मूठ सोडली. गाडीनं सोडली नाही. खडीवर घसरून तिचं मनगट मोडलं. "माकडं बसली होती कठड्यावर ओळीनं," ती नंतर सांगायची. "माणसं हसली असती. ती नाही हसली."

पुण्याहून भावानं फोनवरच निकाल दिला: गाडी भंगारात आणि आई पुण्याला. मी सोलापूरहून आलेली, शेजारीच बसले होते. आई शांतपणे म्हणाली, "दिवाळीपर्यंत गाडी नीट झाली तर मी इथं राहीन. नाही झाली तर तू म्हणशील तिथं येते. वाद नको." मग फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तुझ्या भरवशावर बोलले बरं का मी."

त्या दिवसापासून दर शनिवारी सोलापूरहून येणाऱ्या एसटीत मला नीट बसवत नसे.

मिस्त्रींचं गॅरेज स्टेशनच्या रस्त्याला. ही गाडी नवी होती तेव्हापासून त्यांच्याच हाताखालची. त्यांनी इंजिन उतरवलं, कवचं वेगळी केली आणि कपाटातून एक बाटली काढली. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. बूच निघताच सगळं गॅरेज त्या वासानं भरलं: सुतार कपाटाला पॉलिश करतो तेव्हाचा वास, टपाल कचेरीत पार्सलावर ठसा उमटवतानाचा वास. कोरडा, तांबूस, थोडासा जळका. मला तो वास विश्वासाचा वाटला.

"पेट्रोल लाखेचं काय बिघडवू शकत न्हाय, ताई. माझ्या उस्तादानं जन्मभर हीच लावली," मिस्त्री म्हणाले आणि दोन कवचांच्या मधे बसणाऱ्या कागदी गास्केटच्या दोन्ही अंगांना ब्रशनं लाख फिरवली.

गाडी चालली. आवाज उतरू लागला, मूठ सोडली की गुमान खाली येऊ लागला. आई मात्र लगेच बसली नाही. रोज सकाळी ती गाडी पुसायची, किक मारायची, ऐकायची आणि बंद करायची. अखेर नवरात्राच्या सुमारास ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यावं म्हणून निघाली. मी दारात उभी होते. परतीच्या वळणावर तोच लोखंडी कंगवा पुन्हा पत्र्यावर चढला. आईनं चावी फिरवली, खाली उतरली आणि गाडी ढकलत घरी आणली. हात धुतले आणि माळ्यावरची सुटकेस उतरवून घेतली.

मिस्त्रींनी इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा सांध्यातली लाख पाकासारखी ओघळली होती. त्यांनी बोटानं उचलून पाहिली, तार धरत होती. "असं कदी झालं न्हाय," ते पुटपुटले, आणि पुन्हा, "असं कदी झालंच न्हाय."

आईनं त्यांच्या बोटावरचा तो थेंब आपल्या बोटावर घेतला आणि नाकाशी नेला. आयुष्यभर सुईआधी दंड पुसताना स्पिरिट हुंगलेलं नाक. "यात स्पिरिट आहे."

"सिस्टर, ते तर लावतानाच उडून जातं की."

"मग परत कुठून आलं?"

वारा फिरला होता. साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता, गोडसर, आंबूस, घशात बसणारा. आम्ही तिघंही तो वास घेत उभे होतो आणि मिस्त्रींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "आयला," ते म्हणाले, आणि लगेच, "माफ करा, सिस्टर. पेट्रोलात आता उसाची दारू, ते इथेनॉल, घालत्यात न्हवं? लाख स्पिरिटात विरघळवून आपणच लावतो, अन् वरनं रोज त्यातच अंघोळ घालतो तिला!" ते हसू लागले. "शेतकऱ्याचा ऊस कारखान्यात गेला, कारखान्यातनं टाकीत आला, अन् सिस्टरची लाख पिऊन बसला!" हसणं ओसरल्यावर फडक्याला हात पुसत ते हळूच म्हणाले, "उस्तादाचं चुकलं न्हाय बरं. पेट्रोल बदललं."

आता लाखेऐवजी काय? मिस्त्रींनी ट्यूबमधला, वाळून रबरासारखा होणारा तांबडा सिलिकॉन सुचवला. सगळे तोच लावतात. मी सोलापूरच्या दुकानातून आणखी एक ट्यूब आणली होती: राखाडी, जाडसर, पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्हींत टिकते असं पाठीवर छापलेली. छापील शब्दावर आता कुणाचाच भरवसा नव्हता. मी पत्र्याच्या तुकड्यांवर दोन्ही लावले, वाळू दिले, आणि पंपावरच्या पेट्रोलानं भरलेल्या दोन काचेच्या बरण्यांत बुडवून मागच्या ओट्यावर, चुलीपासून दूर ठेवले.

"लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या आहेत त्या," आई म्हणाली. "पुण्याला न्यायच्या होत्या."

"मग बाटल्या त्या आता. राहा इथंच."

ती हसली नाही. सुटकेसमध्ये रोज एक साडी वाढत होती.

पुढच्या शनिवारी पाहिलं तर सिलिकॉन फुगून शेवयांसारखा सुटला होता. बरणी हलवली की त्याचे तुकडे तरंगत. इंजिनात तेच तुकडे कुठंही जाऊन अडकले असते. राखाडी लेप मात्र होता तिथंच होता. मिस्त्रींनी तो नखानं दाबला आणि कपाळाला आठी घातली. "ही तर सुकतच न्हाय. मऊ हाय अजून. मऊ जिन्नस सांधा कसा धरंल?"

"माझं मनगट धरलंय कशानं?" आईनं विचारलं. "प्लास्टर तर केव्हाच काढून टाकलं डॉक्टरनं. आता मऊ मांसानंच ना?"

"सिस्टरपुढं कोण बोलणार!" असं म्हणून त्यांनी ट्यूब उचलली.

जुनी लाख स्पिरिटनं धुतली, कडा बोटाला आरशासारख्या लागेपर्यंत पुसल्या. लेप लावायला मी मागितला. माझ्या बोटात सगळ्या आठवड्यांची घाई उतरली होती. मी पुन्हा पुन्हा ट्यूब दाबत होते.

"आवो ताई, भाकरीला लोणी लावताय व्हय? जादाचं आत पिळून बेरिंगच्या तेलाचं भोक बुजवंल. पातळ. अजून पातळ." मी जवळजवळ सगळं पुसून काढलं. कवचांवर राखाडी सावली तेवढी उरली. हे पुरेल, यावर माझा विश्वास बसेना. बोल्ट आवळताना मी गॅरेजच्या बाहेर फेऱ्या मारत होते.

दिवाळीला भाऊ ज्या दिवशी आईला न्यायला येणार होता त्या सकाळी गाडी अंगणात आली. सुटकेस ओसरीवर, कुलूप लावून उभी. मी किक मारली. ऑइलचा निळसर धूर तुळशीकडे गेला. गाडी गरम होऊ दिली, कारण रोग गरम झाल्यावरच उठायचा. मूठ पिळली, सोडली. आवाज उतरला. पुन्हा पिळली, सोडली. पुन्हा उतरला. मला थांबवेना. प्रत्येक वेळी तो उतरत होता आणि प्रत्येक वेळी तो चढण्याचीच मी वाट बघत होते.

आई ओसरीवरून उतरली. पदर खोचला. मला बाजूला सारून तिनं स्वतः मूठ धरली, मोडलेल्याच हातानं. पिळली. सोडली. मान किंचित कलती करून, बाळाच्या छातीला नळी लावून ऐकावं तसं ती किती तरी वेळ ऐकत राहिली. मग स्टँडवरून गाडी उतरवली, सीटवर बसली, आणि मागं न बघता माझ्यासाठी जागा करत पुढं सरकली.

"बस."