दाजींची रविवारची शिफ्ट

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवायला घेतली तेव्हा आमचे दाजी तिथे असते, तर त्यांनी आधी त्याला हेल्मेट घालायला लावलं असतं. चार डोकी म्हणजे चार हेल्मेट, तीनवर भागलं नसतं. मग त्याला ओळीत उभं केलं असतं (एकटा असला म्हणून काय झालं, ओळ म्हणजे ओळ), 'आज काम काय आणि त्यात धोका काय' हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं असतं आणि त्यानंतर मातीला हात लावू दिला असता. सृष्टीला थोडा उशीर झाला असता आणि डोंगरांच्या कडेने पिवळे पट्टे आले असते, एवढंच. मी थट्टा करतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता रहाटणीत येऊन बघावं. साडेसातला आलात तर ओळीत घेणार नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे लातूरकडचे. लग्नाआधीच चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि तिथेच सुपरवायझर झाले. माणूस कंपनीत काम करतो हे आपण ऐकलेलं असतं, पण दाजींच्या बाबतीत कंपनीच माणसात काम करते. ताईच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याची जागा पिवळ्या चिकटपट्टीने आखलेली आहे. साखरेचा डबा चहाच्या चौकटीत गेला की दाजी पाणी प्यायला आत येतात, तिथेच थबकतात आणि काही न बोलता डबा जागेवर सरकवून जातात. ताई म्हणते, बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. कंपनीत न लागणाऱ्या वस्तूंना लाल चिठ्ठी लावून बाजूला काढतात म्हणे. दाजी एकदा वाकडला आमच्याकडे जेवायला आले, हात धुतले आणि आमच्या व्यायामाच्या पळायच्या यंत्राला लाल चिठ्ठी लावून पानावर बसले. त्या यंत्रावर आम्ही टॉवेल वाळत घालत होतो हे खरं आहे, पण म्हणून पाहुण्याने असं करावं? बायकोने मात्र त्यांना आग्रहाने दुसरी पुरणपोळी वाढली.

आता या माणसाला समाजसेवेचं वेड लागलं ते कसं, हे सांगायला हवं. आमच्या या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळांना रविवारी. त्यात दाजींच्या शिफ्टा. माझी भाची ऋतुजा, त्यांची एकुलती एक, बालवाडीत होती तेव्हा बाईंनी वर्गात विचारलं, तुमचे पप्पा काय करतात? कुणाचे पप्पा इंजिनिअर निघाले, कुणाचं दुकान निघालं. ऋतुजा म्हणाली, "माझे पप्पा झोपतात." पोरगी खोटं बोलली नव्हती. ती शाळेतून यायची तेव्हा तिसरी शिफ्ट करून आलेले दाजी पडदे ओढून घोरत असायचे, आणि ती झोपली की हे कामाला निघायचे. आम्ही सगळे पोट धरून हसलो. दाजीही हसले. पण दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि सुट्टी रविवारी मागून घेतली. त्यासाठी कुणाकुणाच्या सणासुदीच्या ड्युट्या अंगावर घेतल्या, ते एकट्या ताईला ठाऊक.

रविवार तर मिळाला, पण त्याचं करायचं काय? पोरीशी काय बोलायचं याचीही या बापाला सवय नव्हती. पहिल्या रविवारी तिला मॉलमध्ये नेलं. दोघं सरकत्या जिन्याने वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग दाजी तिथल्या वॉचमनशी त्या जिन्याच्या देखभालीबद्दल बोलत बसले आणि पोरगी कंटाळून रडायला लागली. परत येताना रस्त्याच्या दुभाजकावर वाळलेली रोपं दिसली. दाजींनी गाडी कडेला घेतली आणि दोघांनी मिळून जवळची पाण्याची बाटली एका रोपाला घातली. एका बाटलीने काय होतंय? घरी जाऊन कॅन आणला, मग आणखी एक आणला. त्या दिवशी बाप-लेक चिखलाने माखून घरी आले आणि ऋतुजा जेवता जेवता झोप लागेपर्यंत बडबडत होती. झाडांचं पुण्य वगैरे नंतरचं. दाजींना पोरगी सापडली होती, आणि ती कुठे सापडते हे त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी काही ना काही असतंच. कधी दुभाजकावरची झाडं, कधी नदीकाठचं प्लास्टिक, कधी शाळेची भिंत रंगवायची, कधी विरंगुळा केंद्रातल्या आजोबांना मोबाइल शिकवायचा. हळूहळू आजूबाजूची पोरं आणि त्यांचे आईबाप जमले. अट एकच, पोराला नुसतं सोडून जायचं नाही, आपणही राबायचं. त्या अटीत माझी मुलगी सई सापडली आणि तिच्यामागून मी. रविवारी सकाळी सातला अंथरूण सोडणं म्हणजे काय, हे आठवडाभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्यालाच कळेल. पण दाजींपुढे सबब चालत नाही. ते चिडत नाहीत, ओरडत नाहीत, फक्त 'का' विचारतात. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायची पद्धत आहे, ती त्यांनी इथे आणली. एकदा सई हातमोजे विसरली. दाजींनी विचारलं, "का विसरली?" घाई झाली. "घाई का झाली?" उशिरा उठले. "उशिरा का?" बाबांनी उठवलंच नाही. "का नाही उठवलं?" तेच झोपले होते. "का?" रात्री मॅच बघत होते. सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. "मूळ कारण घावलं," दाजी शांतपणे म्हणाले आणि कचऱ्याची सगळ्यात मोठी पिशवी माझ्या हातात दिली.

फोटोबिटोचं त्यांना वावडं. आमच्या भागातले एक पुढारी भाऊ आहेत, तालेवार गाववाल्या घराण्यातले. एकदा पांढरे कडक कपडे घालून आले, झाडू हातात घेतला आणि म्हणाले, "काढा एक फोटू. आमाला लग्नाला जायाचंय." मी दाजी म्हणतो म्हणून सगळं गाव त्यांना दाजी म्हणतं, तर भाऊही म्हणाले, "दाजी, चला आवरा." दाजींनी त्यांना हातमोजे दिले, पोरांच्या ओळीत उभं केलं, कामातले धोके समजावले आणि म्हणाले, "फोटो काढू की भाऊ. एवढी गल्ली झाली की काढू." गल्ली चांगली लांब होती. भाऊ बिचारे भला माणूस, पोरांसमोर नाही कसं म्हणणार? गल्ली संपली तेव्हा लग्न लागून गेलं होतं आणि फोटो काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. भाऊंनी मात्र पोरांबरोबर बसून दोनदा पोहे मागून घेतले. अजूनही भेटले की म्हणतात, "तुमच्या दाजींनी आमचा पार गडी करून टाकला, राव."

या सगळ्यात ऋतुजा दाजींचा उजवा हात. दाजींची शिट्टी वाजायच्या आधी तिला कळायचं काय हवंय ते. अनंत चतुर्दशीला नदीच्या घाटावर निर्माल्य गोळा करायचं काम आमच्याकडे असतं, आणि पिंपाशी उभं राहायचा मान तिचा. हार-फुलं नदीत टाकायला निघालेल्या तालेवार काकूंना ती अशा गोडीने अडवायची की काकू निर्माल्य तर द्यायच्याच, वर प्रसाद तिच्या हातावर ठेवायच्या. दाजी लांबून बघायचे आणि गर्दी अडवायला बांधलेली दोरी उगाचच घट्ट करत बसायचे.

पण पोरी मोठ्या होतात. यंदा ऋतुजा दहावीत गेली. एका रविवारी तिचा क्लास सुटला, ती मैत्रिणींबरोबर चौकात उभी होती, आणि रस्त्याच्या पलीकडून हेल्मेट घातलेल्या दाजींनी शिट्टी फुंकून हाक मारली, "ऋतुजाऽ, हातमोजे आणलेस का?" चौकातली सगळी रहदारी वळून बघायला लागली. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. घरी आल्यावर तिने सांगून टाकलं, "मी यापुढे येणार नाही." दाजींनी सवयीने विचारलं, "का?" ती म्हणाली, "तुमच्यामुळे." पाच वेळा विचारायची पद्धत खरी, पण पहिल्यालाच असं उत्तर आलं तर माणूस दुसऱ्यांदा काय विचारणार? ताई तिला रागवायला गेली तर दाजींनी ताईलाच आवरलं.

मला म्हणाले, "दहावी आहे की, पाव्हणे. अभ्यास असतो." मी हो म्हणालो. पण माझ्या जिवाला लागलं. नदीची, झाडांची काळजी त्यांना होतीच, खोटं कशाला बोलू? पण हा सगळा पसारा ज्या एका पोरीसाठी मांडला, तीच उठून गेली होती. रविवार सोडला तर या बाप-लेकीचं दुसरं घर नव्हतं. हातचा रविवार गेला की पोरगी पुन्हा पडद्यापलीकडे जाणार, ही भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी कुणाला काही 'का' विचारलं नाही. मी मुद्दाम उशिरा गेलो, तरी नाही.

अनंत चतुर्दशीला दाजी रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून थेट घाटावर उतरले. पिंपाशी कोण उभं राहणार, हे कुणी विचारायच्या आत स्वतःच जाऊन उभे राहिले. दिवसभर गर्दी. ढोल, गुलाल, मोरयाचा गजर, पायऱ्यांवर चिखल. मी दोन-तीनदा म्हणालो, दाजी, बसा जरा, मी बघतो. "राहू द्या," म्हणाले. सई त्यांच्या शेजारी उभी राहून हारांतले दोरे वेगळे करत होती. दुपार कलली आणि गर्दीत मला ऋतुजा दिसली. मैत्रिणीच्या घरचा गणपती आला होता, त्यांच्याबरोबर तीन-चार पोरी, नटूनथटून, आणि निर्माल्याचं ताट नेमकं हिच्या हातात. घाटाला वाट एकच, पिंपाजवळून जाणारी. तिनेही दाजींना पाहिलं. ती मागे वळायला गेली, पण मागून रांग ढकलत होती. मला वाटलं, आता हा माणूस शिट्टी वाजवणार, चिखलाच्या हाताने पोरीच्या डोक्यावर टप्पल मारणार आणि सगळ्यांना हाका मारून सांगणार की ही माझी लेक.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग नजर तिच्या ताटावर आणली आणि प्रत्येकाशी बोलत होते त्याच आवाजात म्हणाले, "ताई, निर्माल्य इकडं द्या. सावकाश, पायरी ओली आहे."

सई चकित होऊन तोंड उघडणार तोच मी तिचा खांदा दाबला. ऋतुजाने ताट पुढे केलं. दाजींनी हार, दूर्वा, फुलं काढून घेतली, ताट झटकून परत दिलं. मैत्रिणी आपल्याच गप्पांत होत्या, त्यांना काही कळलं नाही. ऋतुजाने ताट छातीशी धरलं. मग अगदी हळू म्हणाली, "थँक यू, काका." आणि पोरींच्या मागे पायऱ्या उतरून गेली. दाजी पुढच्या माणसाकडे वळले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "चांगल्या आहेत हो तिच्या मैत्रिणी. रांगेनं आल्या." एवढंच. त्यांच्या डोळ्यांत गुलाल गेला असेल असं मला वाटून घ्यावं लागलं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर काय झालं ते ताईने सांगितलं. दाजी येऊन खुर्चीत बसले, तर ऋतुजा अभ्यास टाकून उठली, पाणी गरम केलं, त्यात मीठ घातलं आणि घमेलं त्यांच्या पायांशी आणून ठेवलं. पाणी निवलं तशी तिने आणखी गरम पाणी आणून ओतलं, ते पुन्हा निवेपर्यंत जमिनीवर बसून राहिली आणि मग आत जाऊन पुस्तक उघडलं. ताई फोनवर सांगताना रडत होती.

रविवारी मात्र ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दाजी येतात. हेल्मेट, ओळ, कामातले धोके, सगळं तसंच चालू आहे. सई आता चौथीत आहे. रस्ता ओलांडताना अजून माझं बोट धरते. परवा तिला शाळेत सोडायला गेलो, तर फाटकाजवळ तिच्या वर्गातली मुलं उभी होती. सईने माझ्या मुठीतून बोट हळूच काढून घेतलं आणि दप्तर सारखं करत पुढे पळाली. ऑफिसला जायच्या आधी दाजींना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. पलीकडे मशिनचा आवाज येत होता. दाजी हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत.

"रविवारी सातला घेऊन या तिला," म्हणाले. "अजून यायलीय तवर."