पडद्यामागून आलेलं उत्तर

कल्पना करा, तुम्ही छत्तीस टनांची गाडी चालवताय. समोर काच, उजवीकडे रिकामी सीट, पाठीमागे जाड पडदा. पडद्याआड गादी, आणि गादीवर एक माणूस झोपलाय. तो तुमचा शिक्षक. तुम्हाला तो दिसत नाही आणि त्याला तुम्ही. तुमच्या हातून चूक झाली तर तो झोपेतच मरेल. हे ठाऊक असूनही तो खुशाल घोरतोय. आता गाडी हलवा.

वेल्डा कॉम्ब्सने हे जवळजवळ चार आठवडे केलं.

ती केंटकीच्या डोंगरातली. आधी खाण बंद पडली, माणसं गाव सोडून गेली, मग शाळा बंद झाली आणि शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची सोळा वर्षांची नोकरी गेली. त्रेचाळिसाव्या वर्षी तिने बस पकडली आणि दोन राज्यं ओलांडून ट्रकच्या शाळेत दाखल झाली. निघताना बहीण आयव्हलीन म्हणाली होती, "तुला चर्चपाशी साधी मोटार मागे घेता येत नाही, ट्रक कसला चालवतेस! पुढच्या रविवारी परत येशील."

परवाना मिळाला. पण आमच्या कंपनीत परवान्यावर गाडी मिळत नाही. आधी महिनाभर जुन्या ड्रायव्हरबरोबर फिरायचं. शेवटी त्याने कागदावर सही केली तर स्वतःची गाडी, नाही केली तर घरचं तिकीट.

वेल्डाच्या वाट्याला ओडेल प्रुइट आला. अर्कान्सासचा, एकसष्ट वर्षांचा, बोलायला तिखट. तो तिला नुसतं 'केंटकी' म्हणायचा. ती त्याला, तिच्याकडच्या रीतीप्रमाणे, 'मिस्टर ओडेल'. त्याने पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले. गाडीतून उतरणाऱ्याने आपली टोपी स्टिअरिंगवर अडकवायची. आणि पडद्यामागून उत्तर आल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

"एका शहाण्याने मला एकदा टुकमकारीच्या पंपावर सोडून दिलं होतं," तो म्हणाला. "पायात चपला, अंगावर झोपायची चड्डी. सगळा पंप हसत होता. पुन्हा तसं झालं, केंटकी, तर सही विसर."

"चड्डीचा रंग कोणता होता, मिस्टर ओडेल?"

"रस्त्याकडे बघ."

शेवटून दुसऱ्या दिवशी ते वायोमिंगमध्ये होते. जानेवारी, दुपारचा एक. रॉलिन्सच्या पंपावर वेल्डाने डिझेल भरलं. ओडेल मागे झोपला होता. ती आत गेली, कॉफी घेतली, बाथरूमला जाऊन परत आली. स्टिअरिंगवर टोपी नव्हती. पडदा बंद होता.

"मिस्टर ओडेल, निघू का?"

"चल," पडद्यामागून आवाज आला. झोपेतला, जड.

ती निघाली.

एल्क माउंटनच्या अलीकडे वारा सुरू झाला. आकाश निळं होतं, ऊन होतं, पण जमिनीवरचा बर्फ उठून रस्त्यावरून वाहत होता. आधी चाकांपर्यंत, मग बॉनेटपर्यंत, मग सगळं पांढरं. डोक्यावर ऊन आणि समोर काहीच नाही. वेल्डा म्हणते, दुधात गाडी चालवल्यासारखं वाटत होतं.

"मिस्टर ओडेल, उठता का? मला दिसत नाहीये."

"पाय काढ," आवाज आला. अगदी कानापाशी.

तिने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. वेग कमी होत गेला. मग पांढऱ्यातून एक लाल दिवा दिसला, त्याच्यामागे दुसरा. एक ट्रेलर दोन्ही लेनवर आडवा पडला होता. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा मध्ये एका मोटारीपुरती जागा उरली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"केंटकी," ओडेल ओरडत होता, "माझी गाडी कुठाय?"

तिला वाटलं, मागूनच बोलतोय, चेष्टा करतोय.

"मी रॉलिन्सला पंपावरच आहे! अंघोळ केली, अंडी खाल्ली, बाहेर येऊन बघतो तर गाडी गायब! किती दूर गेलीस?"

तिने पडद्याकडे पाहिलं. तो जरासा फुगला आणि बसला, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. गाडीत वारा शिरायला कुठेही फट नव्हती. तिने पडदा ओढला. पांघरूण घडी घालून ठेवलेलं होतं. तिने गादीवर हात ठेवला. हीटर जोरात चालू असून गादी बर्फासारखी होती.

रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. ओडेल कुणाच्या तरी गाडीतून आला आणि शिव्या देत पायरी चढला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती. वेल्डा त्या टोपीकडे बघत राहिली. त्याच्या लक्षात आलं. त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"विचारलं होतंस?"

"विचारलं होतं. उत्तर आलं."

"कुणाचं?"

"तुम्ही 'चल, केंटकी' म्हणता. तो नुसतं 'चल' म्हणाला."

ओडेलने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग कागद काढला आणि सही केली. "ऑफिसात टोपीचं सांग," तो म्हणाला. "चूक माझी आहे, मी निस्तरीन. आवाजाचं बोललीस तर डॉक्टरकडे धाडतील आणि ही सही कुजेल." उरलेल्या प्रवासात तो मागे झोपला नाही. पुढच्या सीटवर बसूनच पेंगला.

मी कंपनीच्या आवारात गाड्यांमधले कॅमेरे आणि नोंदयंत्रं दुरुस्त करतो. वेल्डा स्वतःच्या गाडीची किल्ली घ्यायला आली तेव्हा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "बाळा, एक बघून देशील?"

आम्ही दोघांनी त्या दिवसाचं चित्रण पाहिलं. रॉलिन्सला ती विचारते, "निघू का?" मग सहा सेकंद फक्त हीटरची घरघर. मग ती मान हलवते आणि गिअर टाकते. एल्क माउंटनपाशी ती काही विचारते, पुन्हा शांतता, आणि तिची मान झटकन पडद्याच्या बाजूला वळते. पुढच्या कॅमेऱ्यात पहिला दिवा दिसतो त्याच्या अकरा सेकंद आधी तिचा पाय उचललेला आहे. यंत्राचं घड्याळ मी दोनदा तपासलं. बरोबर होतं.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं. "आता तर मागे कुणीच नसणार."

"गाडी सोडून घरी जाऊ? आयव्हलीन वाटच बघतेय." ती किल्ली बोटात फिरवत होती. "मी पडदाच काढून टाकणार आहे. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी मिस्टर ओडेलसाठी थांबले असते तर रस्ता बंद झाला असता आणि आम्ही रॉलिन्सलाच अंडी खात बसलो असतो. त्याला मला वाचवायचंच होतं, तर आधी 'चल' कशाला म्हणाला?"