रांगेच्या शेवटची पाटी

आमच्या मावशीसमोर रांग मोडायची कुणाची टाप नाही. गर्दीनं ओसंडणाऱ्या मनोरंजन उद्यानात आकाशपाळण्याच्या रांगेचं शेवटचं टोक सांभाळणं, ही तिची नोकरी. बाकीचे कामगार तिच्या माघारी तिला 'शेपूटबाई' म्हणतात. पाळणा मी चालवते. लोखंडी कठड्यांमधून वळणं घेत रांग माझ्यापर्यंत यायला तास तास लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसं अशी वागतात की विचारू नका.

बंद व्हायची वेळ झाली की मावशी रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात लाल पाटी देते: 'माझ्यामागे कुणी नाही.' त्यानं ती माझ्याकडे द्यायची, पाळण्यात बसायचं, आणि त्याची फेरी झाली की मी यंत्र बंद करायचं. पाटी आल्याशिवाय बंद करायचं नाही, असा नियम.

मावशीची ही शिस्त काकांमुळे आली. काका म्हणजे तिचे यजमान, अंगानं दांडगे आणि स्वभावानं लोण्याचा गोळा. कुठल्याही रांगेत मागच्याला म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मला काय घाई?" छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेले, तिथंही एकेकाला पुढे सोडत बसले. नंबर लागायच्या आधीच बाकावर कलंडले. मावशी रडली कमी, चिडली जास्त. "भलेपणाची हौस, दुसरं काय!" वर्षं गेली तरी तिचा राग उतरला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाटी आलीच नाही. रांग रिकामी झाली, तरी नाही. जाऊन पाहिलं, तर शेवटच्या वळणावर पाटी कठड्याला टेकून उभी. दुसऱ्या दिवशी तेच. मी मावशीवर उखडले, "देतेस तरी कुणाला?"

"शेवटच्याला! आणखी कुणाला देणार?"

पुढच्या संध्याकाळी मी शेवटी आलेल्या बाईंना अडवलंच. "पाटी कुठंय?"

"ती त्या गृहस्थांकडे. आमच्यापुढे होते, पण पाटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मला काय घाई? फार भले वाटले. चांगले दांडगे आहेत, दिसतील तुम्हाला."

मी त्यांच्यामागे पाहिलं. कठड्यांमध्ये चिटपाखरू नव्हतं.

मावशीला हे सांगितलं तेव्हा तिनं तोंडाला लावलेला चहा तसाच खाली ठेवला. चिडली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "अजून नंबर लागला नाही होय ह्यांचा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून आली. बंद व्हायच्या वेळी तिनं पाटी कुणालाच दिली नाही. सगळी रांग पुढे गेली तशी पाटी घेऊन स्वतःच आत शिरली. रिकाम्या कठड्यांमधून तिचा आवाज येत होता, "अहो, चला. मागे मीच आहे. मला काय घाई?" प्रत्येक वळणावर ती थबकत होती, पुढच्यानं पाऊल उचलायची वाट बघत.

पाटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आधी ह्यांना बसू दे."

मी पाळण्यातल्या बाकाची दांडी वर धरली. बाक करकरलं आणि एका बाजूला खाली गेलं. दुसऱ्या बाजूला मावशी बसली, पण ती पडली काडीपैलवान. बाक होतं तसंच कललेलं राहिलं. मी पाळणा सुरू केला.

फेरी संपली. मावशी उतरली. बाक सरळ झालं नाही.

"उतरेनात गं. तू हो पुढे, म्हणतात." ती हसली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "ह्यांना एकट्यांना एक फेरी दे. मागे कुणी नाही आता."

मी पाळणा सोडला. बाक कललेलंच वर गेलं. खाली आलं तेव्हा सरळ होतं.

मावशीनं त्यावरून एकदा हात फिरवला, नाक पुसलं आणि माझ्या हातातून पाटी ओढून घेतली.

"माझा नंबर लागेल ना, तेव्हा मी कुणालाही पुढे सोडायची नाही," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते."