बसून राहायची नोकरी

तासगावच्या बाळगोंडांची त्रिशला एकोणिसाव्या वर्षी बेदाण्याच्या शेडवरून पडली. सुट्टीत घरच्यांना मदत म्हणून वरच्या जाळीवर द्राक्षं पसरत होती. पायाखालची फळी सरकली आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तरी व्हीलचेअरवर बसून तिनं सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजातनं बी.कॉम. केलं. पुढं साताऱ्याला दिव्यांगांचा रोजगार मेळावा भरला, तिथं पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं तिला निवडलं. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, गल्लीभर पेढे वाटले.

कंपनीत टेबल मिळालं, संगणक मिळाला, गळ्यात ओळखपत्र आलं. काम मात्र मिळालं नाही. आठवडाभर वाट बघून ती मॅनेजर मॅडमकडे गेली.

"मॅडम, मी नक्की काय करायचं?"

"अगं, तू कशाला दगदग करतेस? वेळेवर ये, हजेरी लाव. बास."

दिव्यांगांची ठरावीक संख्या भरायची होती आणि ती आपल्या नावानं भरली, हे तिला हळूहळू उमगलं. बायकांच्या टॉयलेटचं दार तिच्या खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद होतं. दोनदा अर्ज देऊनही ते तसंच राहिलं. मग ती सकाळपासून पाणीच पिईना. शेजारचे लोक फोनवर भांडायचे, जेवण विसरून काम करायचे, आणि ती कोऱ्या पडद्याकडं बघत संध्याकाळची वाट पाहायची.

अण्णांचा फोन यायचा. "काम लय असतंय का गं?"

"व्हय अण्णा, लय असतंय."

वर्षभरानं मुख्य कार्यालयातले साहेब आले. मॅडमनी त्यांना मुद्दाम तिच्या टेबलापाशी आणलं. साहेबांनी कौतुकानं विचारलं, "काय काम बघता तुम्ही?"

"काहीच नाही, सर. मला कुणी काम दिलेलं नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. पण कुणी रागावलं नाही. दुसऱ्याच दिवशी ग्राहकांच्या नाव-पत्त्यांची जाडजूड यादी तिच्यापुढं आली. त्रिशला हरखली. मान मोडून तिनं बारा दिवसांत ती संगणकात भरत आणली. एक पत्ता अडला म्हणून जुन्या नोंदी उघडल्या, तर अख्खी यादी दोन वर्षांपूर्वीच भरून ठेवलेली. तिला नुसतं गुंतवून ठेवलं होतं.

दिवाळीला घरी आल्यावर तिनं अण्णांना सगळं सांगून टाकलं. "अण्णा, मी सोडते. हितं शिकवण्या घीन, काय बी करीन."

अण्णा माणूस प्रेमळ, पण लेकीच्या नोकरीपासून गावात त्यांची मान ताठ झाली होती. सांगलीच्या एका शाळेनं तर 'जिद्दी मुलीचे वडील' म्हणून त्यांना सत्काराला बोलावलं होतं.

"बाळा, हितं तुला कोण काम देतंय?" ते हळूच म्हणाले. "ह्या खोलीत पडून राहशील. तिथं निदान चार माणसांत बसतीस. आन् हे... कुणाला बोलू नगंस."

तिला अण्णांचा रागही धड येईना. ते बोलले त्यात खोटं काही नव्हतं. भाऊबीज झाली, भावानं तिला उचलून गाडीत बसवलं.

सोमवारी ती टेबलापाशी होती. मॅडमनी हसून नवी यादी पुढं ठेवली. त्रिशलानं संगणक सुरू केला आणि पहिलं नाव टाइप केलं.