मारोतरावाचं नाव

सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, लिहायचं तर मुळीच नसतं. पण माझ्या सासूबाईंची, भागीरथाबाईंची गोष्ट त्या नावाशिवाय सांगताच येत नाही. तेव्हा लिहूनच टाकते: मारोतराव. झालं. आभाळ काही कोसळलं नाही.

सासूबाईंना मात्र ते कोसळेल याची पक्की खात्री होती. नवऱ्याचं नाव सरळ तोंडातून निघालं की त्याचं आयुष्य घटतं, असं त्यांच्या आईनं त्यांच्या मनावर बिंबवलेलं. लग्नकार्यात उखाण्यातून घेतलं तर तेवढंच. एरवी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जेवायला बोलवायचं तर त्या ताटावर वाटी वाजवायच्या. कळंबजवळच्या आमच्या गावात सोवळं आणि उपासतापास त्यांच्याइतकं कोणी पाळत नसे, म्हणून सगळ्या बाया त्यांचंच ऐकत.

बासष्टची निवडणूक आली आणि नेमका उमेदवार निघाला मारोतराव. आमचे नव्हेत, यवतमाळचे एक वकील. गावात बाळंतपणाचा दवाखाना आणायचा शब्द त्यांनी दिला होता. सासूबाईंची धाकटी बहीण बाळंतपणासाठी यवतमाळला नेताना बैलगाडीतच गेली होती आणि मला तेव्हा दिवस गेले होते. हा माणूस निवडून यावा असं त्यांना मनापासून वाटायचं.

बायांची फेरी काढायचं ठरलं. पुढं सासूबाईच हव्या होत्या, पण घोषणा कशी द्यायची? शेवटी भाकरी थापता थापता त्यांनी तोड काढली. उखाण्यात नाव घेतलेलं देवाला चालतं ना, मग झालं तर. दुसऱ्या दिवशी आमची फेरी उखाणा म्हणत निघाली:

"कापूस वेचला ओटीभर, ऊन आलं डोक्यावर,
मारोतरावाचं नाव घेते मताच्या मोक्यावर."

आमच्याकडं घरोघरी एखादा मारोती असतोच. त्यामुळं ज्या बायांची जीभ रेटत नव्हती त्याही मोकळ्या झाल्या. अशी हसरी फेरी मी पुन्हा पाहिली नाही.

समोरच्या उमेदवारानं मात्र एक बुवा आणून देवळात बसवला होता. त्याचं कीर्तन कमी आणि प्रचार जास्त. आमच्या माणसाला मत म्हणजे धर्माला मत, बायांनी उंबऱ्याच्या आत राहावं, हे त्याचं रोजचंच. आता त्याला आयतं कोलीत मिळालं. परपुरुषाचं नाव उखाण्यात घेणारी ही कसली पतिव्रता, हिचं पाप नवऱ्याच्या आयुष्यावर येईल, असं तो भर देवळात बोलला. माझा असा संताप झाला! लोकांच्या घरचं तूप ओरपायचं आणि त्याच घरच्या बाईला नावं ठेवायची.

सासूबाईंना त्या दिवशी घास गेला नाही, कारण बुवानं बोलून दाखवलेली भीती त्यांचीच होती. पण सकाळी त्या देवळात गेल्या आणि बुवासमोर उभं राहून म्हणाल्या, "मी माह्या मालकाचं नाव घेऊन राह्यली, बुवा. ऐकनारीनं मत कोनाले द्याचं, ते तिचं तिनं पाहावं."

बुवानं घाईघाईनं टाळ उचलून भजन धरलं. मामाजी मात्र खूश होते. बसल्याजागी त्यांचं नाव पंचक्रोशीत झालं होतं.

मतदानाच्या दिवशी शाळेत बायांची रांग एकीकडं, पुरुषांची दुसरीकडं. यादीत भागीरथा दोन निघाल्या, म्हणून मतदान घेणाऱ्या साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. सासूबाईंनी पदर सावरला आणि सुरू केलं, "कापूस वेचला ओटीभर..."

समोरच्या उमेदवाराचा माणूस घनश्याम ताडकन उठला. म्हणाला, हा प्रचार आहे, इथं चालायचा नाही. साहेब घोटाळ्यात पडले. उखाणा नको, नुसतं नाव सांगा, म्हणाले. एरवी मागची बाई सांगून टाकते. पण मागं मी, सून. माझ्या मागं सगळी भावकी. मामाजी कोणाचे भासरे, म्हणजे थोरले दीर, कोणाचे चुलतसासरे; त्यांचं नाव कोणीच घेईना. आणि घनश्याम तर अडूनच बसला, की जिचं मत तिनंच सांगावं.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या वळल्या. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य, नाही घेतलं तर मत गेलं. मत सोडून त्या घरी निघणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून मामाजींचा आवाज आला, "म्हन वं. मी इथंच उभा हाय ना."

सासूबाईंनी डोळे गच्च मिटले. "मारोती." घाईत 'राव'सुद्धा राहून गेलं.

"ओ," मामाजी म्हणाले.

सगळी शाळा हसली. साहेबांनी बोटाला शाई लावली. त्यानंतर दिवसभर सासूबाई मामाजींकडं बघत होत्या. ते खोकले की हातातलं काम टाकून धावायच्या. दिवेलागणीला त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, तेव्हा कुठं जेवल्या.

वकील निवडून आले. दवाखाना यायला दोनतीन वर्षं गेली, पण आला. माझी धाकटी तिथंच झाली. सासूबाईंनी ते नाव घरात पुन्हा काही घेतलं नाही. ताटावर वाटी वाजतच राहिली.

सदुसष्टच्या निवडणुकीला मामाजी भल्या सकाळीच धुतलेलं धोतर नेसून तयार. मी म्हटलं, मामाजी, मतदान दिवसभर आहे, एवढी घाई कायले? ते वहाणा घालून निघालेसुद्धा. बायांची रांग साहेबांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत त्यांना तिथं असायचं होतं, 'ओ' द्यायला.