घरचं नाव

दोन हजार एक साल. मी बावन्न वर्षांचा होतो, आणि त्या वयात मला कोणीतरी माझं घरचं नाव विचारलं.

"काका, घरचं नाव काय तुमचं?"

"दुकानाच्या पाटीवर लिहिलं आहे," मी म्हटलं.

"ते लोकायसाठी. माय काय म्हणे?"

मी ट्रकची ट्यूब टाकीतल्या पाण्यात दाबली आणि बुडबुडे कुठून निघतात ते बघत बसलो.

रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्याच्या रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान. शाळा तिसरीपर्यंत. पण मी लावलेला पॅच कधी सुटला नाही. कोणी म्हणत असेल तर त्यानं ती ट्यूब घेऊन समोर यावं.

विचारणारा होता पोलिसातला हवालदार. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तशी पोलिसांत नवी नवी पथकं निघाली. कुत्र्यांचं पथक, बॉम्बवाल्यांचं पथक, आणि बुडालेल्यांना काढणाऱ्या गोताखोरांचं पथक. कुत्र्यांना पंखे मिळाले, बॉम्बवाल्यांना जाड कोट मिळाले. गोताखोरांना पाटी मिळाली. होडी नव्हती, म्हणून ते ट्रकच्या ट्यूबांवर तरंगत, आणि त्या ट्यूबा माझ्याकडून जात.

हवालदार भंडाऱ्याकडचा, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातला. बुटका, छातीनं रुंद, डोळे कायम लाल. बोलताना मान एका बाजूला कललेली, जसं काही कानात राहिलेलं पाणी अजून निघायचं आहे. हात कोरडे असले तरी पँटीला पुसायचा आणि मग विचारायचा, "घरचं नाव?" चहावाल्याला विचारायचा, हमालांना विचारायचा. सदर बाजारातल्या एका गब्बर सोनाराला घरी 'मुसवा' म्हणतात, म्हणजे उंदीर, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी दिवसभर हसलो. मला वाटलं, माणूस गमत्या आहे.

मग मी त्याला कामावर पाहिलं.

बीरगांवच्या अलीकडे एक जुनी दगडखाण आहे. पाणी साठून हिरवी झालेली. कारखान्यातला एक तरुण आंघोळीला उतरला तो वर आला नव्हता. मी ट्यूबा घेऊन टेंपोतून गेलो होतो. भर दुपार. काठावर बाप उभा, माय जमिनीवर बसलेली.

"नाव?" हवालदारानं विचारलं.

"राजेश कुमार," बाप म्हणाला.

"हे तं कारखान्यातलं झालं. घर म का कहिथव?" घरात काय म्हणता?

बापानं तोंड फिरवलं. माय पदरातून बोलली, "लेडगा." म्हणजे बावळट.

हवालदार कमरेइतक्या पाण्यात गेला. वाकून तोंड पाण्याशी नेलं आणि हाक मारली. ओरडून नाही. जेवायला बोलावतात तशी. "ए लेडगा. चल, दाई आए हे." चल, माय आली आहे.

वारा नव्हता. पाखरं बोलत होती, ती गप्प झाली. मग लांब, पलीकडच्या कपारीखाली, बुडबुड्यांची एक माळ वर आली. त्यानं तिथंच बुडी मारली आणि त्या पोराला घेऊनच वर आला.

परतताना टेंपोत मी म्हटलं, "गॅस असते ती. ट्यूबीले भोक असलं का बुडबुडे येतातच. त्यात काय नवल?"

"हव," तो म्हणाला. "पण काका, तुम्ही ट्यूबीले दाबता तवा येतात. म्या तं कोणाले दाबलं नाही."

एकदा आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, तलावावर त्यानं हाका मारल्या, काठावर आला आणि शर्ट घालायला लागला. "इथं नाही तो." साथीदार चिडले. तरी तो उतरला नाही. बुडालेला म्हणून ज्याच्यासाठी रडारड चालली होती तो सासुरवाडीत पान खात सापडला. बायकोनं त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून पथकात रिवाज पडला. हवालदाराची हाक झाल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालायचा नाही.

मी मात्र मानत नव्हतो. मी सहजासहजी मानणारा माणूस नाही.

मग एक दिवस तो आला आणि माझ्या टाकीपाशी बसून राहिला. रेल्वेपुलाजवळच्या डबक्यातून एक बेवारस काढला होता. नाव सांगायला कोणी नव्हतं, म्हणून हवालदार नुसताच उतरला होता.

"बिननावाचा होता, काका. त्यानं माझा हात धरला. लय वेळ सोडला नाही."

"मुर्दा हात धरत नाही."

"हव. मीही पोट्ट्यायले तेच सांगतो." तो टाकीतल्या पाण्यात बघत राहिला. "माय गेली. भाऊ नाही. बायको काही मी केली नाही. माझं नाव आता कोणापाशीच नाही. तुमच्यापाशी ठेवतो."

आणि त्यानं माझ्या कानात सांगितलं.

मला हसू फुटलं. एवढ्या छातीच्या माणसाला ते नाव! तोही हसला. मग पँटीला हात पुसून म्हणाला, "आता तुमचं सांगा."

"मी काहून सांगू? मी का पाण्यात उतरून राहिलो?"

"पाण्यातच उतरा लागते असं थोडी आहे, काका."

मी सांगितलं नाही. माझं नाव चारचौघांत घेण्याजोगं नव्हतं, आणि मी मान राखून राहिलेला माणूस.

पुढं पथकाला रबरी होडी आली, पाठीवर बांधायचे सिलिंडर आले. माझ्या ट्यूबा बंद झाल्या, हवालदार मात्र येत राहिला. मग पथकावर नवे साहेब आले. वाईट नव्हते, कामाचे पक्के होते. बीरगांवच्या त्याच खाणीच्या काठावर कोणाचे तरी कपडे आणि चपला सापडल्या, तेव्हा हवालदार घरचं नाव विचारू लागला. साहेब म्हणाले, "ये क्या नाटक है? राजधानी है भई, गांव नहीं. उतरो."

हवालदारानं सॅल्यूट केला, सिलिंडर बांधला आणि हाक न मारता उतरला.

तो वर आला नाही.

कपड्यांचा मालक संध्याकाळी गमछा गुंडाळून, दारूच्या नशेत झुलत झुलत आपल्या पायांनी घरी आला. म्हणजे पाण्यात कोणी नव्हतंच. हाक मारली असती तर हवालदाराला ते काठावरच कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पथकातला एक शिपाई दुकानात आला. डोळे हवालदारासारखेच लाल. "काका, पुरी खाण धुंडली. कुठंच नाही. आज सापडला नाही तर साहेब शोध बंद करून राहिले. तो तुमच्यापाशी बसे. त्याचं घरचं नाव मालूम आहे का?"

"आहे," मी म्हटलं, आणि शटर ओढलं.

काठावर बरीच माणसं होती. साहेबही होते. एवढ्या लोकांपुढं ते नाव घ्यायची मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मी उभ्यानं, जोरात हाक मारली. खडकावर आपटून ती परत आली. पाण्याला काही नाही.

मग मी गुडघ्यांवर बसलो. तोंड पाण्याशी नेलं. आणि जेवायला बोलावतात तसं, हळू, त्याला त्या नावानं बोलावलं. पुढं म्हटलं, "चल बाबू. माय वाट पाहून राहिली."

सगळे पलीकडच्या कपारीकडे बघत होते. पाखरं गप्प झाली.

पहिला बुडबुडा माझ्या सावलीत फुटला.

तो तिथंच होता. ज्या खडकावरून सगळे तीन दिवस उतरत होते, त्याच खडकाखाली, हाताच्या अंतरावर.

तुम्ही म्हणाल गॅस. मीही तेच म्हणत आलो. आता एवढंच सांगतो, मी कोणाला दाबलं नव्हतं.

त्याचं ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते माझ्यापाशी ठेवायला दिलं होतं, वाटायला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी नातीला जवळ बसवलं. तिला मराठी कळते, पण उत्तर हिंदीत देते. तिच्या कानात माझं घरचं नाव सांगितलं.

"दादाजी, सच्ची? आपका?" ती पोट धरून हसायला लागली.

"हव. म्हण एकदा मोठ्यानं."

तिनं हाक मारली. माय गेल्यापासून त्या नावानं मला कोणी बोलावलं नव्हतं.

मी ओ दिली.