आतून कडी नसलेली खोली

“ताई, शेरा तर मारला तुमी. खोली पाह्यली का?”

फोनवर फैजपूरच्या शोभाअक्का होत्या. आमच्या अद्भुतकथा स्पर्धेत मी पहिली फेरी वाचते. आलेल्या कथा चाळायच्या, बऱ्या वाटतील त्या शेरा लिहून परत पाठवायच्या. लेखकाला दुरुस्तीची एक संधी मिळते. या कामाआधी मी मजुरांसाठी पत्रकं लिहायचे. शेऱ्यांतही तीच भाषा उतरते, त्याला माझा इलाज नाही.

अक्का रायपनिंग चेंबरवर कामाला. थंड, बंद खोलीत हिरवी केळी रचायची आणि गॅस सोडून पिकवायची, ते चेंबर. त्यांच्या कथेत बंद चेंबरमधून ठोकल्याचा आवाज येतो. उघडलं की आत नुसती केळी. शेवटी एक बाई खरंच अडकते.

मी लिहिलं होतं: ‘भूत चालेल, ढिसाळपणा चालणार नाही. जिवंत बाई आतून कडी का काढत नाही? पटत नाही. कारण द्या.’

“कारण काय देऊ?” अक्का म्हणाल्या. “आतून कडीच नाही. या पाह्यला.”

आमचे संयोजक नाना म्हणाले, “तू वाचक आहेस, इन्स्पेक्टर नाही.”

मी दुपारच्या बसने गेले.

अक्कांनी दार उघडलं. जाड, गुळगुळीत, आतून खरंच कोरं. मी आत शिरले. “लोटा. ठोकलं की उघडा.”

दार लागलं. क्रेटच्या रांगा, पंख्याची घरघर, गोडसर जड वास. मी तीनदा ठोकलं. कोणी आलं नाही. जोरात ठोकलं. नाहीच. फोनला रेंज नव्हती. मग मागून, शेवटच्या रांगेपलीकडून, तीन ठोके आले. तिकडे भिंत होती.

मी वळून पाहिलं नाही. दोन्ही मुठींनी दार बडवत राहिले.

दार उघडलं ते अक्कांनीच. गाडी भरायला हाक आली म्हणून त्या चेंबरवरच्याच भिकाभाऊंना दारापाशी बसवून गेल्या होत्या. भाऊ तिथेच होते. तंबाखू मळत.

“भाऊ, ऐकू नाही आलं?”

“आलं ना. रोजच येतं. कितींदा उठावं माणसानं?”

माझं डोकं फिरलं. मॅनेजरकडे गेले.

“आजवर कोणी अडकलंय का, ताई?” तो हसत म्हणाला.

“मी. आत्ता.”

तिथेच बसून अर्ध्या पानाचं पत्रक लिहिलं, वाचून दाखवलं आणि सांगितलं, उद्या हे तुमच्या गेटवर वाटणार. त्याचं हसू गेलं. आठवड्यात प्रत्येक दाराला आतून हँडल बसलं, आत घंटाही.

अक्कांनी कथेतलं एक अक्षर बदललं नाही. मी ती तशीच पुढे पाठवली. परीक्षकांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं आणि शेरा लिहिला: ‘वातावरण छान. मात्र आतून कडी नाही, हे पटत नाही.’

नव्या लेखकांना मी आता एवढंच सांगते: न पटणारी गोष्ट खोडण्याआधी तिथे जाऊन या. वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. ते ऐकत नाहीत.

परवा अक्कांचा फोन आला. आवाज थांबलेला नाही. चेंबर रिकामं असलं तरी येतो. हँडलला कोणी हात लावत नाही, घंटा वाजत नाही, नुसते ठोके.

“मग भिकाभाऊ काय करतात?”

“उठतात,” अक्का म्हणाल्या. “दर वख्ती उठतात आता.”